पाण्यात काही नाही

हवा दिसत नाही, हे आमच्या धंद्याचं मूळ दुखणं. सुताराला लाकूड दिसतं, शिंप्याला कापड दिसतं. आम्ही आयुष्यभर जे भरत आलो ते कोणाला दिसलं नाही, आणि ते निघून गेलं की मात्र सगळ्या गावाला दिसतं. नाताळ अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असा निरोप पाठवला तेव्हा मी त्यांना म्हटलं, न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल लिहायला तुमच्याकडे फादर आहेत की. ते हसले, पण त्यांनी मला सोडलं नाही.

मी पास्कल. वसई तालुक्यात, बोळिंजला रस्त्याच्या कडेला माझं टायरचं दुकान होतं. चौतीस वर्षं चालवलं आणि दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून बंद केलं. आमच्या नात्यागोत्यातली मुलं शिक्षक झाली, बँकेत चिकटली, आखातात गेली. ज्यांना काहीच जमलं नाही त्यांनी केळीची वाडी सांभाळली. पंक्चर काढणारा मी एकटाच निघालो. आईला कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ती 'मोटारींच्या लायनीत आहे' एवढंच सांगायची आणि चहा ठेवायला आत जायची.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगतो. आपण 'पंक्चर काढणे' म्हणतो. खरं तर काढत काहीच नाही, निघाला तर एखादा खिळा निघतो. भोक आम्ही बुजवतो. पण गिऱ्हाईक येऊन म्हणणार, पंक्चर काढून द्या, जसं दाताच्या डॉक्टरला सांगावं. खिळा घुसला, टायर बसला, पंक्चर काढलं, गाडी गेली, या कामाला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती हळू हवा जाणाऱ्या टायरला. संध्याकाळी टणक, सकाळी मऊ. हवा भरली की दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानात मी त्याला रडका टायर म्हणायचो.

हवा हळू जायच्या जागा तीन. पहिली व्हॉल्व्ह, म्हणजे जिच्यातून हवा भरतात ती छोटी नळी. तिची टोपी काढायची, बोटाने थुंकी लावायची, बुडबुडा फुगला तर आतली पिन गेली. गिऱ्हाईक सोवळं असेल तर साबणाचं पाणी लावायचं, पण थुंकीची सर त्याला नाही. दुसरी जागा रिमची कड, जिथे रबर लोखंडाला धरून बसतं. आपल्याकडचा वारा खारा. किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रिमला गंज धरतो, पोपडे सुटतात आणि त्या फटीतून हवा निघून जाते. टायर उतरवायचा, कड घासायची, पुन्हा बसवायचा. तिसरी जागा टायरची पाठ, जी रस्त्याला लागते. तिथे खिळा, काच, तार, वाट्टेल ते सापडतं.

घरच्या घरी शोधायचं असेल तर टायर टणक फुगवा, मगभर पाण्यात थोडा शॅम्पू कालवा आणि या तीन जागांवर सावकाश सोडा. घाई करू नका, बारीक भोकाला बुडबुडा काढायला वेळ लागतो. दुकानात याहून सोपं. पाण्याने भरलेली लांबट टाकी असते, चाक काढून तिच्यात गोल फिरवायचं. आम्ही त्याला 'पाण्यात बघणं' म्हणतो.

आता एरवी मराठीत एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे त्याचं तोंडही न आवडणं. हे दोन्ही अर्थ मी एका इमारतीत एकत्र बघितले. बोळिंजच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आणि पाचव्या मजल्यावरचे दुसरे, यांचं पार्किंगवरून वाजलं होतं. त्यानंतर तिसऱ्या मजल्याच्या गाडीचा मागचा टायर रोज सकाळी मऊ व्हायला लागला. काडी घालून हवा सोडायचं काम पाचव्या मजल्याचंच, याबद्दल यांना शंका नव्हती. बायकांचं बोलणं बंद झालं, मुलांचं क्रिकेट बंद झालं, कॅमेरासुद्धा बसवला. कॅमेऱ्यात फक्त एक मांजर आलं. शेवटी चाक घेऊन माझ्याकडे आले. मी टाकीत फिरवलं तर रिमच्या कडेला मोत्यांसारखे बुडबुडे. सगळा गंज. इतके महिने हे दोघे एकमेकांना पाण्यात पाहत होते, टायर मात्र कोणी पाण्यात पाहिला नव्हता.

गृहस्थांनी वाकून बुडबुडे बघितले. मग हळूच म्हणाले, "पास्कलशेठ, हे कोणाला सांगू नका." झाकली मूठ सव्वा लाखाची. मी आजवर सांगितलं नाही, आता दोघेही बोळिंज सोडून गेले म्हणून लिहितो. 'कोणीतरी मुद्दाम हवा सोडतंय' ही तक्रार घेऊन माझ्याकडे इतक्या वर्षांत किती माणसं आली याला मोजमाप नाही. त्यातली एकही खरी निघाली नाही. टायर खोटं बोलत नाही, पण त्याचं ऐकून घेण्याआधी माणसं माणसांवर संशय घेऊन मोकळी होतात, असं मी गल्ल्यावर बसून सगळ्यांना ऐकवायचो.

आणि मग तेच मी केलं, तेही तेरेज टीचरच्या बाबतीत.

तेरेज टीचर भुईगावच्या. चौथीत त्यांनी मला शिकवलं, म्हणजे त्यांनी त्यांच्या परीने प्रयत्न केला. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका वेलांकनीच्या यात्रेला जातात, टीचर ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या आणि छोटी लाल गाडी घेतली. गावातल्या अरुंद गल्लीतून समोर टेम्पो आला तर टेम्पोवाला मागे जायचा, कारण बऱ्याचदा तोही त्यांचाच विद्यार्थी असायचा.

त्यांचे यजमान इनासकाका वाडीवाले. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीन दिवस वसईच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार टीचर त्यांना गाडीत बसवून न्यायच्या, चार तास बाहेर बाकावर बसायच्या आणि घेऊन यायच्या. काका दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायला तयार नसत. "ही खड्डा आला की आधी सांगते," असं त्यांचं म्हणणं. मुलगा रॉनी कॅनडात. मुलगा गुणी, रोज फोन करणारा, आणि रोज फोन करणाऱ्या मुलांना असते तशी रोजची काळजी करणारा. आईने या वयात गाडी चालवू नये असं त्याचं मत होतं. शेवटी हॉस्पिटल, चर्च आणि बाजार, एवढ्यावर तह झाला होता.

दुकान बंद केलं त्याच वर्षी टीचर पुढचा डावा टायर घेऊन आल्या. हवा जाते म्हणाल्या, पण रोज नाही, मधूनच. टायर नवाकोरा. मी पाण्यात फिरवला, बुडबुडा नाही. समाधानासाठी व्हॉल्व्ह बदलून दिला. दहा दिवसांनी पुन्हा आल्या. पुन्हा पाण्यात बघितला, पुन्हा काही नाही. रिमची कड घासून दिली. मग विचारायचं म्हणून विचारलं, "टीचर, गाडी फिरते कुठे कुठे?"

"हॉस्पिटल, चर्च, बाजार," त्या म्हणाल्या. "आणखी कुठे जाणार मी?"

उत्तर जरा पटकन आलं होतं, पण त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. मी हसत म्हटलं, "मग टायरात काही नाही, टीचर. तुम्हीच कुठे कडेला घासत असाल." त्यांनी चावी उचलली आणि गेल्या.

दोन दिवसांनी रॉनीचा फोन आला. "पास्कल अंकल, मम्मी म्हणते हवा जाते. तुम्ही चेक केलं ना?"

"दोनदा पाण्यात बघितला. काही नाही."

"शंभर टक्के?"

"अरे, चौतीस वर्षं दुसरं काय करतोय मी?"

हे वाक्य मी बोललो, आणि मला ते आवडलंसुद्धा. त्या वाक्याचं पुढे काय झालं ते मला पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी कळलं. टीचरचा फोन आला. "पासू, आज घरी ये. चाक मी आणणार नाही. तू ये."

मी स्कूटरला पिशवी लावून भुईगावला गेलो. अंगणात लाल गाडी उभी, पडवीत आरामखुर्चीवर इनासकाका, पायावर चादर. टीचरनी चहा दिला आणि मधल्या दिवसांत काय झालं ते शाळेत धडा सांगावा तसं सरळ सांगितलं. आदल्या आठवड्यात बुधवारी, हॉस्पिटलच्या वाटेवर टायर बसला. काका उन्हात तासभर गाडीत अडकले. डायलिसिसची वेळ हुकली, दुसऱ्या दिवशी पाय सुजले. रॉनी घाबरला, त्याने सगळा हिशोब मांडला: टायरवाला म्हणतो टायरात काही नाही, म्हणजे मम्मी तरी कुठेतरी आपटते, नाहीतर हवा बघायची विसरते आणि भरली होती म्हणते. वय झालं. गाडी विकायची, तीन दिवसांसाठी भाड्याची गाडी लावायची. रविवारी एक माणूस गाडी बघायला येणार होता.

"रविवारपर्यंत काय ते सापडलं पाहिजे," टीचर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मलासुद्धा हल्ली वाटायला लागलंय, खरंच माझंच काही चुकतंय का. परवा सकाळी टायर मऊ लागला तेव्हा मी हातावर पेनाने लिहून ठेवलं, 'टायर मऊ'. म्हणजे दुपारी मला माझंच पटावं."

त्यांनी हात पुढे केला नाही, पण माझी नजर तिकडे गेलीच. ज्या बाईने अर्ध्या गावाला शुद्धलेखन शिकवलं तिला स्वतःचं म्हणणं हातावर लिहून ठेवावं लागलं होतं, आणि ते माझ्यामुळे. त्या वेळी मला माझी फार लाज वाटली. माझं 'काही नाही' हे टायरबद्दल होतं. कॅनडात पोचेपर्यंत ते टीचरबद्दल झालं होतं.

मी बाह्या सरसावल्या. हवा टणक भरली, शॅम्पूचं पाणी केलं, व्हॉल्व्ह बघितला, रिमची कड दोन्ही बाजूंनी बघितली, जॅकवर चढवून टायरची सगळी पाठ बघितली. गुडघे बोंब मारायला लागले. बुडबुडा नाही. मी उठलो, हात पुसले आणि तोंड उघडलं.

"काही नाही म्हणू नकोस," टीचर म्हणाल्या. "'काही नाही' आणि 'मला सापडलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. चौथीत शिकवलं होतं."

"हे चौथीत नव्हतं, टीचर."

"तू त्या दिवशी गैरहजर असशील."

पडवीतून काकांचा खोकत हसण्याचा आवाज आला. टीचर आत गेल्या आणि भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर घेऊन आल्या, संतांचे सण आणि उपवासाचे दिवस छापलेलं. त्यातल्या चौदा चौकटींत पेन्सिलीने आकडे घातले होते. आकडा पाच, खाली 'मऊ'. आकडा दहा, खाली 'ठीक'. आकडा दोन, 'ठीक'. पुन्हा पाच, 'मऊ'.

"हे काय?"

"टायरवर खडूने बाण काढलाय, बघ. टायर म्हणजे घड्याळ आणि बाण म्हणजे तासाचा काटा, असं समजायचं. संध्याकाळी गाडी उभी केली की बाण किती वाजता आहे ते लिहायचं, सकाळी टायर कसा आहे ते लिहायचं. चौदा दिवसांत चारदा मऊ झाला. चारही वेळा बाण पाचच्या आसपास होता. एरवी एकदाही नाही. याचा अर्थ काय ते मला नाही कळलं. तो तुझा विषय."

मी कॅलेंडर हातात घेऊन उभाच राहिलो. चौतीस वर्षांत हजारो चाकं मी गाडीखालून काढून पाण्यात घातली आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की टाकीतल्या चाकावर गाडीचं वजन नसतं. बाण पाचला असताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तिथेच भोक होतं. वजन आलं की तिथलं रबर वाकायचं आणि भोक तोंड उघडायचं. चाक फिरलं, वजन दुसरीकडे गेलं, की तोंड बंद. हवेत धरलेल्या चाकात ते दिसणारच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं मी पाण्यात शोधत होतो आणि दुखणं जमिनीवर होतं.

गाडी जॅकवरून उतरवली. टीचर स्टिअरिंगवर बसल्या, मी मागून ढकललं आणि बाण पाचवर आणला. जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे दोन्ही बाजूंनी साबणाचं पाणी सोडलं आणि मी अंगणात चक्क पालथा झोपलो. काका म्हणाले, "पासू, उशी देऊ का?"  मिनिटभराने बाहेरच्या अंगाला, जमिनीलगत, मोहरीएवढा एक बुडबुडा आला. तो फुटला आणि त्याच्या जागी दुसरा आला.

"टीचर," मी झोपल्या झोपल्या म्हणालो, "आहे."

त्या गाडीतून उतरल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसल्या, आणि मी पण मुद्दाम उठलो नाही.

मग ती जागा खडूने खूण करून वर घेतली. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. बाहेरच्या खाचेत बोट फिरवलं तर काहीतरी टोचलं. रबराच्या आत तुटून बसलेलं, काळपट, टोक जेमतेम वर. बारीक पक्कड लावून ओढलं तर येईना. एरवी खिळा सरळ येतो, हे रबर धरून बसलं होतं. जोर लावल्यावर आलं, आणि मागोमाग हवेची शिट्टी. पेरभर लांबीचा काटा, आणि दोन्ही कडांना करवतीसारखे दात.

आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा काटा ओळखायला भिंग लागत नाही. शिंगाळा मासा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना असे काटे असतात, लागला तर माणूस दोन दिवस तळमळतो. म्हणून कोळी मासा विकायच्या आधी काटे मोडून टाकतात, बंदरावर, जिथे मासळीचा लिलाव होतो तिथे. दुसरीकडे कुठेही हा काटा रस्त्यावर पडलेला मिळायचा नाही.

मी काटा तळहातावर ठेवून टीचरपुढे धरला. "टीचर, शिंगाळा हल्ली चर्चमध्ये मिळतो का?"

टीचर माझ्याकडे बघेनात. चौथीत आम्ही जसे वहीकडे बघायचो तशा त्या गाडीच्या काचेकडे बघत होत्या. शेवटी पडवीतून काकाच म्हणाले, "सांग गो त्याला. आता काय लपवतेस."

दर शनिवारी सकाळी दोघं पाचूबंदरला जात होती. तरुणपणी इनासकाका वाडीतल्या केळ्यांचे घड सायकलला बांधून तिथे न्यायचे आणि मासळी घेऊन यायचे. कोळीवाड्यातली निम्मी घरं ओळखीची. डायलिसिस सुरू झाल्यावर जगात हॉस्पिटल आणि ही खुर्ची एवढंच उरलं होतं. एका शनिवारी टीचरनी गाडी काढली आणि त्यांना न विचारता तिकडे नेलं. होड्या लागतात तिथून थोडं अलीकडे गाडी उभी करायची, काका काच खाली करून बसणार, मालूबाय कोळीण गाडीपाशी येऊन थोडी मांदेली देणार आणि गावच्या चार गोष्टी सांगणार. तासाभराने परत. रॉनीच्या तहात पाचूबंदर नव्हतं, म्हणून कोणाला सांगायचं नव्हतं.

"तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले," टीचर म्हणाल्या. "बंदर म्हटलं असतं तर तुला लगेच कळलं असतं ना?"

कळलं असतं. पहिल्याच दिवशी मी बोट फिरवून काटा शोधला असता. पण दोष एकट्या त्यांचा नव्हता. त्यांनी एक खोटं सांगितलं आणि मी नीट न शोधता दोनदा खरं सांगितल्याचा आव आणला. तराजू माझ्याच बाजूला खाली जात होता. मी भोक साफ केलं, चिकट रबराची वात सुईने आत घातली, वरचं शेपूट कापलं, हवा भरली. या कामाला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

उजेड होता तोवरच रॉनीचा नेहमीचा फोन आला. टीचरनी स्पीकर लावून टेबलावर ठेवला. तो आधी रविवारी येणाऱ्या माणसाबद्दल बोलला. मग मी म्हटलं, "रॉनी, मी पास्कल. गाडी विकू नको. टायरात दोष होता. तुझ्या मम्मीचं बरोबर होतं, माझं चुकलं."

"काय होतं?"

"काटा होता," मी म्हणालो. मराठी भाषेचे उपकार, की तिच्यात काटा म्हटलं की काटा, तो कशाचा ते सांगावं लागत नाही.

पण मुलगा टीचरचा. "कसला काटा?"

"बोरीचा." टायरच्या बाबतीत मी जाणूनबुजून बोललेलं हे पहिलंच खोटं.

रॉनीला पटलं नाही. "अंकल, आपल्याकडे बोर कुठे राहिली आता? गल्लीतली तर मी लहान असताना पपांनीच तोडली."

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते. टीचरनी फोन उचलला, स्पीकर तसाच ठेवून. "रॉनी, शिंगाळ्याचा काटा होता. पाचूबंदरचा. दर शनिवारी मी तुझ्या पपांना तिकडे नेते. गाडी मी चालवते. ते काच खाली करून बसतात आणि होड्या बघतात. तुला सांगितलं नाही कारण तू नको म्हणाला असतास. आता तुला जे म्हणायचं ते म्हण."

  काकांनी चादर उगाच नीट केली.

मग रॉनीने विचारलं, "पपांना मालूबाय ओळखते अजून?"

"ओळखते म्हणजे?" काका खुर्चीतूनच ओरडले. "तुझं नाव घेऊन विचारते. पोरगा मांदेली खातो का तिथं, विचारते."

"सांगा, नाही मिळत," रॉनी म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मम्मी, रविवारच्या माणसाला मी नको म्हणून सांगतो."

त्या दिवसापासून मी 'काही नाही' म्हणायचं सोडलं. दुकान बंद होईपर्यंत, टायरात दोष मिळाला नाही तर मी गिऱ्हाइकाला सांगायचो, मला सापडला नाही. काही जणांना वाटलं म्हाताऱ्याचा हात गेला. एकदोघे दुसऱ्या दुकानात गेले. जाऊ देत. त्याआधीच्या वर्षांत माझं 'काही नाही' घेऊन किती जण घरी गेले आणि कोणाकोणाला वेडं ठरवून बसले, हे मला कधी कळणार नाही.

इनासकाका दीड वर्ष शनिवारी बंदरावर गेले. मागच्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, त्यांनी डोळे मिटले. रॉनी आला, पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. चर्चमध्ये काकांसाठी महिन्याची मिस्सा झाली त्यानंतरच्या शनिवारी सकाळी टीचरचा फोन आला. "पासू, टायर बसलाय. घरी येतोस?"

मी गेलो. तोच डावा टायर, अगदी जमिनीला टेकलेला. अंगणात कोणी नाही, पडवीतली खुर्ची घडी करून भिंतीला लावलेली. मी खाली बसलो, हवा भरली. व्हॉल्व्हला थुंकी लावली, बुडबुडा नाही. रिमची कड बघितली, नाही. बाण काढून चाक बाराही तासांवर उभं करून बघितलं, नाही. जुनी वात पक्की होती. मग माझ्या लक्षात आलं की व्हॉल्व्हवर टोपी नाही. आणि चाकाखालच्या मातीत केसांची एक काळी पिन पडली होती.

इतक्या वर्षांत, 'कोणीतरी मुद्दाम हवा सोडली' ही खरी निघालेली पहिली केस.

मी पिन उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. टीचर दारात उभ्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत. "काय सापडलं?"

"मला सापडत नाही, टीचर," मी म्हणालो. "चालवून बघावी लागेल. लांब कुठेतरी. मी बसतो बाजूला."

त्या आत गेल्या, साडी बदलून आल्या. हातात मासळीची पिशवी होती. खड्डा आला की त्या आधी सांगत होत्या, सवयीने, आणि मी हूं म्हणत होतो. पाचूबंदरला होड्यांच्या थोडं अलीकडे त्यांनी गाडी लावली. मी माझ्या बाजूची काच खाली केली. मालूबाय पाटी घेऊन आली, डाव्या खिडकीतून आत वाकली, मला बघून क्षणभर थबकली आणि मग माझ्यावरून पलीकडे हात लांब करून तिने टीचरचा हात धरला. "लय दिसांनी आलीस गो टीचर," ती म्हणाली. "पानी आनू का?"

आम्ही तासभर बसलो. टीचर थोडं रडल्या, थोडं बोलल्या, मांदेली घेतली. परत भुईगावला आल्यावर गाडी बंद करून त्यांनी पर्स उघडली आणि व्हॉल्व्हची काळी टोपी माझ्या तळहातावर ठेवली.

"सापडली," म्हणाल्या.